गुळवेलीची ओळख आणि जनुकीय दाखला

गुळवेलीच्या सेवनाने यकृतास इजा झाल्याची वृत्ते २०२१ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाली, तेव्हा रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती होती, हा प्रश्न आयुष मंत्रालयाने उपस्थित केला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाशी साधर्म्य असणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाची गल्लत होऊ शकते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा प्रसंगी डीएनए-परीक्षणाचा दाखला हाती असावा, असे औषधनिर्मात्यांस वाटणे स्वाभाविक आहे. त्या दाखल्याविषयी आमचे मत मात्र काहीसे सावध आहे.

प्रयोगशाळा द्रव्यातील डीएनएच्या ठरावीक भागांचा, म्हणजे आरबीसीएल, मॅटके किंवा आयटीएस यांचा, अनुक्रम वाचते आणि तो सार्वजनिक संग्रहातील नोंदींशी ताडून पाहते. अमेरिकेतील जेनबँक (स्थापना १९८२), युरोपातील ईएनए आणि जपानमधील डीडीबीजे हे संग्रह परस्परांत नोंदींची देवाणघेवाण करतात व त्या सर्वांस विनामूल्य खुल्या ठेवतात. हे औदार्य वंदनीय आहे. तथापि नोंदीवरील वनस्पतीचे नाव हे ती सादर करणाऱ्या संशोधकाने दिलेले असते. पान, फूल, फळ पाहून ते पडताळणे संग्रहचालकांच्या हाती नसते, आणि त्रयस्थास चूक दिसली तरी ती परस्पर दुरुस्त करता येत नाही.

अशोकाचे उदाहरण घ्यावे. आपल्या अनेक जुन्या पुस्तकांत भारतीय अशोकास 'सराका इंडिका' म्हटले आहे. वनस्पतिशास्त्रानुसार ते नाव आग्नेय आशियातील निराळ्या जातीचे असून आपला वृक्ष 'सराका असोका' होय. मग संग्रहात 'सराका इंडिका' या नावाने एखादा अनुक्रम आढळल्यास तो कोणत्या वृक्षाचा समजावा? (बाजारातील आसूपालवाची साल हा आणखी निराळा विषय.) याचा निर्णय केवळ वनस्पतिसंग्रहालयात जतन केलेला नमुनाच करू शकतो.

येथे संचिकेच्या स्वरूपाचाही संबंध येतो. फास्टा या सर्वाधिक प्रचलित स्वरूपात आरंभी एक चिन्ह, मग एका ओळीचे शीर्षक आणि त्याखाली ए, सी, जी, टी ही अक्षरे, एवढेच असते. जेनबँकेच्या विस्तृत स्वरूपात मात्र नोंदक्रमांक, संकलनस्थान, संकलक आणि जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक यांसाठी स्वतंत्र जागा आहेत. त्या जागा रिकाम्या असतील तर नव्व्याण्णव टक्के साम्याचे प्रमाणपत्र म्हणजे साक्षीदाराविना दिलेली साक्षच समजावी.

म्हणून औषधनिर्मात्यांनी दाखला स्वीकारण्यापूर्वी तुलनेस घेतलेल्या नोंदीचा क्रमांक, विस्तृत नोंद आणि नमुन्याचा तपशील लेखी मागावा, अशी आमची विनंती आहे. तो न देणाऱ्या प्रयोगशाळेस शुल्क देऊ नये. अर्थात द्रव्य मूळ आहे की पान, कोणत्या ऋतूत काढले, किती जीर्ण झाले, हे अनुक्रमावरून कळत नाही. दीर्घकाळ उकळलेल्या क्वाथात तर डीएनए बहुधा खंडितच झालेले असते. तेथे द्रव्यगुणाच्या जाणकाराची दृष्टी व रासायनिक परीक्षा यांनाच प्रमाण मानावे लागेल.

फरिदाबाद येथे २०२२ मध्ये भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन झाले व आपल्या देशातील अनुक्रम येथेच जमा करण्याची सोय झाली. आयुर्वेद महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी आपल्या वनौषधी उद्यानांतील निश्चित ओळख पटलेल्या वनस्पतींचे नमुने जतन करून त्यांचे अनुक्रम तेथे द्यावेत. आरंभ गुळवेल आणि अशोक या दोहोंपासून व्हावा, आणि त्याच्या खर्चाचा काही भार आपल्यातील सधन फार्मसीमालकांनी उचलावा.