हललेला सूर पुसू नका

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, वन बीएचकेच्या भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग करणारे आपले वाचक आहेत. त्यांच्याकडे येणारा रॅपर आता हुक गाऊ लागला आहे: आईबद्दल, सुटलेल्या नोकरीबद्दल, घरभाड्याबद्दल. आणि आपण सवयीने ऑटोट्यूनचा रीट्यून स्पीड शून्यावर नेऊन मोकळे होतो. ही सवय मला धोक्याची वाटते.

ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं ते गायकाची चूक कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. २००८ मध्ये, आई गेल्याच्या पुढच्याच वर्षी, कान्ये वेस्टने 'एट-ओ-एट्स अँड हार्टब्रेक' या अल्बममध्ये तेच यंत्र उघडपणे वापरलं आणि रॅप जवळजवळ बाजूला ठेवून तो गायला. आपल्याकडे पुण्याच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' (२०२०) आणि 'इन्सान' (२०२२) एकापाठोपाठ ऐका. ऑटोट्यून आहे, ठळक आहे. पण त्यामागे कुणाचा तरी जीव गुंतलेला आहे, हे कळतं.

गाण्याने रॅप मऊ पडतो, ही तक्रार मला मान्य नाही. शाहीर प्रभाकरांनी पोवाडे रचले आणि लावण्याही. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड विरहातून निघून थेट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जाते. डफावर गरजणारा गळा हळवाही होतो, हे आपल्या मातीत जुनं आहे.

मग कन्सोलवर काय करायचं? स्पीड शून्य केला की दोन सुरांमधली मींड जाते आणि घसरगुंडीच्या जागी पायऱ्या उरतात. काही गाण्यांना ते हवंच असतं, पण ते रॅपरला विचारून ठरवा. आधी गाण्याची पट्टी नीट ओळखा. चुकीच्या स्केलवर लावलेलं ट्यूनिंग भलत्याच सुरावर उडी मारतं. व्हर्सला हात लावू नका. ओळीआधीचा श्वास गेटने कापू नका. ज्या ओळीवर आवाज भरून येतो, तिच्यावर डबल्स चढवू नका. तिथे एकटा गळाच हवा.

लोकलच्या घरघरीसाठी तर चांगला टेक कधीच टाकू नका. ती बरीचशी खालच्या फ्रिक्वेन्सीत असते, हाय-पास फिल्टरने पुष्कळ कमी होते. पोराने त्या टेकमधली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हटली नाही, तर तुमच्याकडे काहीच उरणार नाही.