आडनाव नसलेली चप्पल

लोणचं बेडेकरांचं. बाकरवडी चितळ्यांची. आपल्या महाराष्ट्रात माल आडनावानं खपतो. डब्यावरचं आडनाव वाचलं की गिऱ्हाईक निर्धास्त. माझं लोणच्याशी भांडण नाही, भाकरीबरोबर मीही चाटून खातो. सवाल एवढाच आहे की कोल्हापुरी चपलेला आडनाव का नाही?

चपलेच्या नगाला नाव आहे. कापशी, पुकरी, बक्कलनाळी. करणाऱ्याला नाव नाही. चप्पल 'कोल्हापूरची'. म्हणजे शहराची, मातीची, पंचगंगेच्या पाण्याची. जशी काय उसासारखी रानात उगवते!

मित्रांनो, मातीतनं चप्पल उगवत नाही. आधी मेलेलं जनावर ओढावं लागतं. मग कातडं हिरडा नि बाभळीच्या सालीच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवावं लागतं. त्या वासात जगावं लागतं. मग रापीनं कापायचं, आरीनं भोक पाडायचं, चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळा न मारता. वेणी घालायची ती बहुतेक घरच्या बाईनं. आणि कारागीर म्हटलं की फोटो मात्र बाप्याचा.

ओढणारा महार, कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. एका जोडात तीन जाती, आणि तिघी एकमेकींच्या खाली-वर. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती पायात घालून उभा महाराष्ट्र करकर वाजवत हिंडतो. आणि ज्यानं शिवली त्यानं मोठ्यांच्या वाड्यापुढनं जाताना ती काढून हातात घ्यायची, ही गावोगावची रीत होती. चप्पल अस्मिता, पाय विटाळ!

२०१९ साली सरकारनं तिला भौगोलिक मानांकन दिलं. महाराष्ट्रातले चार जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ज्या सीमेवरनं डोकी फुटली, त्या सीमेच्या दोन्ही अंगांना एकच चप्पल. कायद्याला आठ जिल्ह्यांचा भूगोल दिसला. गावाच्या कडेची वस्ती दिसली नाही. नोंद झाली तीही कारागिराच्या नावावर नाही. दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर.

मग जून २०२५ उजाडला. प्राडा नावाच्या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलेच जोड दाखवले. कोल्हापूरचं नाव नाही. महाराष्ट्र पेटला. 'आमची चप्पल चोरली!'

आमची? कालपर्यंत चांभार आमचा नव्हता, चप्पल कशी आमची झाली? प्राडानं कोल्हापूरचं नाव गाळलं, ओरड झाल्यावर काही दिवसांत कबूल केलं. आपण त्या हातांचं नाव पिढ्यानपिढ्या गाळलं, ते कधी कबूल करणार? गोऱ्यानं केली ती चोरी आणि आपल्यांनी केली ती संस्कृती?

डिसेंबर २०२५ मध्ये करार झाला. दोन हजार जोड, एकेक जोड सुमारे ८०० युरोला. म्हणजे ऐंशी हजाराच्या वर रुपये. मी गोदीत माल हलवतो. परदेशी जाणाऱ्या पेटीच्या कागदावर सगळं असतं. वजन, किंमत, बंदर. मजुरी नसते. म्हणून म्हणतो, त्या ८०० युरोंतले शिवणाऱ्याच्या हातावर किती पडले, तो आकडाही जोडाबरोबर छापा.

आपल्यातले काही म्हणतील, चपलेसाठी कशाला रडतोस? मेलेली ढोरं ओढू नका, असं बाबासाहेबांनी सांगितलं, आपण ते सोडून मुंबईची वाट धरली. खरं आहे. २०१६ मध्ये गुजरातेत उन्याला काय झालं तेही आठवतं. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून भर रस्त्यात झोडलं. चामड्याला हात लावला म्हणून पाठ सोलायची, आणि चामड्याच्या चपलेला देशाची शान म्हणायचं, हे एकाच तोंडानं चालतं.

म्हणून मी 'परंपरा जपा' म्हणणाऱ्यांत नाही. चांभाराच्या पोरानं चांभारच व्हावं ही परंपरा असेल तर ती जाळा. धंदा सोडायचा हक्क पहिला. ज्याला राहायचं त्यानं मालक म्हणून राहावं, भाव स्वतः ठरवावा. आणि ज्याला शिकायचंय, मग तो जोशी असो की पाटील, त्यानं यावं, कुंडातल्या पाण्यात हात घालावा. कला एवढी थोर आहे ना? मग एका जातीच्याच गळ्यात का?

आणि नाव द्या. २०२५ मध्ये महामंडळानं जोडांना क्यूआर कोड लावायला घेतले, फोन धरला की कारागिराची माहिती दिसते. चांगलं केलं. पण लपून बसलेलं नाव नको. डब्यावर बेडेकर जसं ठसठशीत असतं, तसं पट्ट्यावर आडनाव पाहिजे. कांबळे, पोवार, सातपुते, जे असेल ते.

मग खरी परीक्षा. त्या आडनावानं माल खपेल, देशोदेशी मिरवेल. पण तेच आडनाव घेऊन माणूस शहरात खोली बघायला आला तर? मला आडनाव विचारून दार लावलेलं आहे. एकदा नाही, चारदा.

महाराष्ट्रा, ज्या दिवशी ते आडनाव वाचून तू खोलीची चावी देशील, त्या दिवशी चप्पल तुझी. तोवर ज्याच्या हाताची, त्याची.