‘उशिरा बोलतो’ ही नोंद किती काळ ठेवावी?



बिलावरील एचएसएन कोड चुकला तर कराचा दर बदलतो, हे व्यापारी घरांत सांगावे लागत नाही. बालकाच्या केसपेपरवरील कोडविषयी मात्र आपण उदासीन असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या रोगवर्गीकरणात प्रत्येक निदानास स्वतंत्र कोड आहे. विम्याचा दावा आणि पुढील उपचार यांना त्याचाच आधार असतो.

दहाव्या आवृत्तीतील ‘आर ६२.०’ हा कोड चालणे-बोलणे उशिरा सुरू होण्यासाठी आहे. बँकेतील सस्पेन्स खात्याप्रमाणे ही तात्पुरती नोंद होय. तपासणीअंती ती योग्य खाती वळवावी लागते. बालकास समजते, परंतु वयानुसार बोलता येत नाही, तर ‘एफ ८०.१’; बोललेले समजण्यातच अडचण असल्यास ‘एफ ८०.२’, स्वमग्नतेसाठी ‘एफ ८४.०’, श्रवणदोषासाठी बहुधा ‘एच ९०’. प्रत्येकाचा उपचार निराळा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ‘विकासात्मक भाषाविकार’ अशी स्पष्ट नोंद आहे.

‘घरी मारवाडी, दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळले,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. अनेक भाषा कानी पडल्याने भाषाविकार जडत नाही. विकार असेल तर तो प्रत्येक भाषेत दिसतो. म्हणून घरातील सर्व भाषा तज्ज्ञांना सांगून लिहून घ्याव्यात. केवळ इंग्रजीत घेतलेली चाचणी अपुरी ठरते.

पुढे सोयरिकीत अडचण नको म्हणून काही पालक निदान लिहूच देत नाहीत. उलट, राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. त्यात स्वमग्नता येते, केवळ भाषाविकार येत नाही. त्या लाभासाठी कोड बदलून मागण्याचा मोहही होऊ शकतो. दोन्ही गोष्टी सत्याणुव्रताशी विसंगत आहेत, आणि दोहोंची किंमत बालकच मोजते.

श्रवणचाचणीचा अहवाल, जन्माचा व विकासाचा इतिहास, दिनांकासह उच्चारलेले नवे शब्द आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांची प्रत्येक टिपणी एका फाइलमध्ये ठेवावी. वर्षानुवर्षे ‘आर ६२.०’ च लिहिले जात असेल, तर पुढच्या भेटीत विनयाने विचारावे : ही नोंद आता कोणत्या खाती जाणार?