फक्त

दिवाळी अंकात मास्तराने उपदेश करू नये, असा एक अलिखित संकेत आहे. वर्षभर या सदरातून मी शब्दांची कुळे-मुळे सांगतो आणि तुम्ही ती बिचारी सोसता. तेव्हा निदान चकली-करंजीच्या दिवसांत तरी मी तोंड मिटून बसावे, हे न्याय्यच आहे. पण यंदा एक शब्द असा काही माझ्या मागे लागला आहे, की त्याची हकीगत सांगितल्यावाचून मला फराळ गोड लागावयाचा नाही. शब्द अगदी लहान आहे, दोन अक्षरांचा. 'फक्त'.

झाले असे. या पावसाळ्यात एका दुपारी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मुलगा अबोल, खेड्यावरून आलेला, वसतिगृहात राहणारा. हातात एक अर्ज.

"सर, एवढं शुद्धलेखन तपासून देता का?"

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक दोनच कामांसाठी येतात: लग्नपत्रिकेचा मजकूर आणि अर्जाचे शुद्धलेखन. मी सवयीने पेन काढले. अर्ज पोलिस निरीक्षकांच्या नावे होता आणि पहिलेच वाक्य असे होते: 'मी फक्त माझे बँकेचे खाते एका ओळखीच्या मुलाला वापरण्यास दिले.'

हळूहळू सगळे बाहेर आले. मित्राच्या मित्राने टेलिग्रामवर कोणाशी तरी गाठ घालून दिली होती. "आमच्या ऑनलाइन धंद्याला महिनाभर एक खातं पाहिजे. बसल्या जागी पाच हजार मिळतील." मुलाने पासबुक दिले, एटीएमचे कार्ड दिले आणि खात्याला जोडलेले सिमकार्डही दिले. दहाव्या दिवशी खाते गोठले. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या खात्यात एके दुपारी एक लाख ऐंशी हजार रुपये आले आणि तासाभरात चार वाटांनी निघून गेले. ते पैसे होते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे. पोलिसाचा वेष घातलेल्या कोणीतरी त्यांना व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करून दोन दिवस खोलीबाहेर पडू दिले नव्हते.

"सर, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही. मी काहीच केलं नाही. फक्त खातं दिलं."

मुलाची शिष्यवृत्तीही त्याच खात्यात यावयाची होती.

आता जरा त्या शब्दाकडे पाहू. फक्त हा शब्द मूळचा अरबी; फारसीच्या वाटेने तो आपल्या घरी आला. उर्दू पत्रांत मजकूर संपला की शेवटी 'फकत' लिहिण्याची रीत होती. अर्थ एवढाच, की येथे संपले, यापुढे काही नाही. आपणही पावतीवर आणि चेकवर 'रुपये पाच हजार फक्त' असे लिहितो ते त्याचसाठी. आकड्यापुढे कोणी आणखी काही घुसडू नये म्हणून. थोडक्यात, फक्त हे कुंपण आहे. गंमत अशी, की इंटरनेटच्या रानात हे कुंपण टिकतच नाही. तेथे आपण 'फक्त' म्हणून जे काही करतो, ते आपल्या हातून सुटले की कोठवर जाईल याचा नेम नसतो.

हे ठगांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांच्या संदेशांचा मी मराठीचा शिक्षक म्हणून थोडा अभ्यास केला. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, फक्त या क्रमांकावर फोन करा." "बक्षीस जमा होत आहे. फक्त पिन टाका." "फक्त हे ॲप घ्या." "फक्त ओटीपी सांगा." व्याकरण सर्वांचे एकच: आधी भय किंवा लोभ, मग घाई आणि शेवटी आज्ञार्थी क्रियापदाच्या पाठीशी हळूच उभा असलेला 'फक्त'. या तिन्ही गोष्टी एका संदेशात भेटल्या, की मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, फोन खाली ठेवा आणि पाणी प्या. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीही लागत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेतलेल्या ॲपमधून आपला सारा पडदा त्याला दिसू शकतो. आणि 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितले होते. तरी माणसे फसतात. कारण भ्यालेला माणूस कायदा आठवत बसत नाही.

पण ही झाली स्वतःला वाचवण्याची बाजू. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते: आपल्यामुळे दुसरा बुडू नये ही.

१ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या दिवशी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर फिरणारे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत घरोघरच्या फोनमध्ये शिरलेली होती. जमावाने त्या पाच जणांना ठार मारले. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. साहित्य शिकवणाऱ्याला हे फार लागते. शेवटचे पान फाडलेली गोष्ट लोकांनी खरी मानली आणि ठिकठिकाणी माणसांचा जीव धोक्यात आला.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने आपले कुंपण घातले. माणसाने घातले का? कारण त्या अफवा पाठवणाऱ्या बहुतेकांना विचारले असते, तर उत्तर एकच आले असते: "आम्ही फक्त पुढे पाठवलं."

हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग काय सर, आम्ही काही लिहूच नये का?"

प्रश्न रास्त होता. मी तिला पालघरची हकीगत सांगितली. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दिली. तिने खरोखर फक्त पसंती दिली होती! दोघींनाही अटक झाली. त्यावरून देशभर काहूर उठले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ज्या कलमाचे हे प्रकरण, ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तेव्हा मत मांडायला भिऊ नका. आपल्या नावाने, विचार करून मांडा. मात्र दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे आणि कोणाचे खाजगी छायाचित्र त्याच्या संमतीवाचून पसरवणे यांची कलमे त्याच कायद्यात शाबूत आहेत, आणि दोहोंना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपले मत आपले असते. दुसऱ्याची अब्रू आपली नसते.

येथवर लिहून थांबलो असतो, तर मी मोठा शहाणा ठरलो असतो. पण आता माझे स्वतःचे.

दोन वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना एका पेपरात वाक्य आढळले: 'शोकांतिका म्हणजे ज्या नाटकाच्या शेवटी नाटककार मरतो.' मी एकटाच पोट धरधरून हसलो. मग त्या ओळीचा फोटो काढला आणि आम्हा प्राध्यापकांच्या गटात टाकला. नाव नव्हते, क्रमांक नव्हता, फक्त मौज. उत्तरपत्रिका गोपनीय असते, हे मला कोणी शिकवावयास नको होते. संध्याकाळपर्यंत तो फोटो विद्यार्थ्यांच्या गटांत पोचला आणि मुलांनी अक्षर ओळखले. ती मुलगी आठ दिवस वर्गात आली नाही. कारण मला तिच्या मैत्रिणीकडून समजले.

मी भर वर्गात तिची माफी मागितली. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि खाली पाहत म्हणाली, "सर, तुम्ही नाव झाकलं होतं, अक्षर झाकलं नव्हतं."

वीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका शेरा माझ्यावर कोणी मारला नव्हता.

म्हणूनच त्या पावसाळी दुपारी मुलाच्या अर्जात मी शुद्धलेखनाच्या चुका सोडून दिल्या आणि लाल शाईने एकच शब्द खोडला. 'मी माझे बँकेचे खाते एका ओळखीच्या मुलाला वापरण्यास दिले.'

तो घाबरला. "सर, यात तर मी दोषी दिसतो."

"दिसशील. पण आता ते तुझं सांगणं वाचतील तरी," मी म्हणालो.

एकही संदेश पुसू नकोस, असे मी त्याला बजावले आणि त्याच्याबरोबर पोलिस ठाण्यात गेलो. पाच हजारांपैकी तीन हजार खर्च झाले होते. ते वडिलांनी कसेबसे पाठवले आणि ती रक्कम त्याने तेथे पुढे केली. बँकेलाही लेखी कळवले. चौकशी अजून चालू आहे, खाते अजून बंदच आहे. त्या दिवशी निघताना त्याने अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला: "त्या सरांचे पैसे मिळतील का?" त्यांनी मान हलवली. शिक्षक लाजेपोटी दोन दिवस कोणापाशी काही बोलले नव्हते. लगेच कळवले असते, तर पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त होती.

ती लाज तेवढी टाकून द्या, वाचकहो. फसणे हा गुन्हा नाही. फसल्याचे कळताक्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा. मिठाच्या सत्याग्रहाचे साल, म्हणजे विसरण्याचे कारण नाही. पहिला तास लाखमोलाचा असतो. आणि घरातली तरणी मुले सुटीला आली असतील, तर फराळाच्या ताटावर त्यांना एवढे विचारा: खाते, कार्ड, सिम कोणाला दिलेले नाही ना? रागावू नका, रागावलात तर ती पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

उपदेश झालाच शेवटी. तेव्हा आणखी काही घुसडण्याआधी, जुन्या पत्रलेखकांप्रमाणे, दिवाळीच्या शुभेच्छा देऊन थांबतो. फक्त.