मुदत वाढवायची, पण कुणाची?

माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे, असे २००५च्या कायद्याचे कलम ७ सांगते. प्रश्न जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्ज सहायक माहिती अधिकाऱ्याच्या हाती पडला तर पाच दिवस वाढून मिळतात आणि त्रयस्थ पक्षाची माहिती असेल तर एकूण चाळीस दिवस. याखेरीज जन माहिती अधिकाऱ्याला वेळ वाढवून मागण्याची वाट कायद्याने ठेवलेली नाही. ती असावी, मोठ्या अर्जांसाठी तरी असावी, असे सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षे बोलले जाते. माहिती अधिकाराचे कार्यकर्ते ही सूचना ऐकताच उसळतात. दोघांचेही म्हणणे नीट ऐकून घ्यावे असे आहे.

आधी टेबलापलीकडच्या माणसाचे ऐकू. ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे बहुधा ग्रामसेवकच, आता पदनाम काहीही असो. करवसुली, घरकुले, रोजगार हमी, ग्रामसभेचे इतिवृत्त, निवडणुकीचे काम हे सगळे त्याच्याच डोक्यावर, आणि अनेकदा एकाहून अधिक गावांचा कारभारही. त्याच्याकडे अर्ज येतो : दहा वर्षांतली सर्व कीर्द, सर्व प्रमाणके, सर्व मोजमाप पुस्तिका. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो. पण खोलीभर कागद मागायला दीडशे शब्द कशाला, दहाही पुरतात. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण झालेले असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर एकेक गठ्ठा सोडून पाहण्यातच आठवडे जातात. उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत, आणि तेही कार्यालयाच्या तिजोरीतून नव्हे, त्याच्या पगारातून. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली एका निकालात सरकारी कर्मचाऱ्यांचा बहुतांश वेळ माहिती गोळा करण्यातच जाण्याच्या धोक्याकडे बोट दाखवले होते.

ही तक्रार खोटी नाही. काही अर्ज सूड म्हणून येतात, काही तडजोडीच्या आशेने, हे तालुक्याच्या गावात कुणालाही विचारा. अर्थात त्यावरून सगळ्या अर्जदारांची लायकी ठरवणे म्हणजे खोट्या फिर्यादी होतात म्हणून पोलीस ठाणे बंद करण्यासारखे आहे.

आता अर्जदाराकडून पाहू. मुंबईतल्या नालेसफाईचे उदाहरण घ्या. काम पावसाळ्याआधी संपायचे असते. कोणत्या नाल्यातून किती गाळ निघाला, तो कुठल्या गाड्यांनी कुठे टाकला, बिल किती झाले, हे एखाद्याने मेच्या पहिल्या आठवड्यात विचारले, तर तीस दिवसांच्या हिशेबाने उत्तर जूनच्या सुरुवातीला यायला हवे. तेव्हा निदान नाल्यापाशी जाऊन कागदावरचे आणि समोरचे ताडून पाहता येते. तेच उत्तर जुलैत आले तर गाळ निघाला होता की नव्हता याचा पुरावा पाण्याबरोबर समुद्रात गेलेला असतो. पीकनुकसानीचे पंचनामे, शाळाप्रवेशाच्या याद्या, रस्त्याच्या निविदा यांचेही असेच. उशिरा मिळालेल्या माहितीवर फार तर बातमी होते, काम सुधारत नाही. मुदतवाढीचा मसुदा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर हा हिशेब क्वचितच असतो.

दुसरीकडे काय झाले? अमेरिकेत मूळ दहा कामकाजी दिवसांची मुदत १९९६च्या दुरुस्तीने वीस झाली, आणि असाधारण परिस्थितीत आणखी दहा दिवस घेता येतात. तरीही तिथे तुंबलेल्या अर्जांची संख्या अलीकडच्या वर्षांत दोन लाखांच्या घरात गेली. ब्रिटनमध्ये वीस कामकाजी दिवस आहेत. पण लोकहिताचा तोल पाहायचा असेल तर कायदा फक्त ‘वाजवी’ वेळ म्हणतो. वाजवी म्हणजे किती, ते कायद्यात नाही, म्हणून एकूण चाळीसच्या पुढे जाऊ नये असे माहिती आयुक्तांना मार्गदर्शनातून सांगावे लागले. सर्वांत बोलका अनुभव स्कॉटलंडचा. करोना आल्यावर एप्रिल २०२० मध्ये तिथल्या संसदेने वीस दिवसांचे साठ केले. कारण खरे होते, कर्मचारी घरी होते. पण ज्या काळात सरकार लोकांच्या जगण्याचे सर्वांत मोठे निर्णय घेत होते, त्याच काळात उत्तरे तिप्पट लांबली. टीका झाली आणि मेअखेर त्याच संसदेने सरसकट वाढ मागे घेतली. चूक उमगून दोन महिन्यांच्या आत ती दुरुस्त करणारी विधिमंडळे थोडीच असतात, ते असो.

यावरून मुदतवाढ म्हणजे पापच, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. आपल्याकडची कडक मुदत प्रत्यक्षात कशी पाळली जाते तेही पाहायला हवे. एकोणतिसाव्या दिवशी पत्र निघते : इतकी पाने, दोन रुपये दराने इतकी रक्कम भरा. हे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस कायद्यानेच मोजायचे नाहीत. कुठे अर्ज कलम ६(३)खाली दुसऱ्या कार्यालयाकडे जातो. हे हस्तांतर पाच दिवसांत व्हायला हवे, ते पंचविसाव्या दिवशी होते. कुठे ‘माहिती विस्तृत आहे, समक्ष येऊन अवलोकन करा’ असे कळवले जाते. आणि काही ठिकाणी सरळ ‘अभिलेख आढळून येत नाही’. म्हणजे मुदतवाढ आजही आहे. फक्त तिला कारण द्यावे लागत नाही आणि तिची नोंद कुठे होत नाही. अशा चोरट्या वाढीपेक्षा कारणासह लिहून दिलेली, मोजलेली वाढ अर्जदाराच्याही सोयीची ठरेल, या युक्तिवादात मला दम वाटतो.

तरीही ती वाढ लगेच देऊन टाकावी असे वाटत नाही, कारण कायद्यात लवचीकपणा आधीच आहे, तो फक्त दुसऱ्या कलमात आहे. कलम २० खालची शास्ती आपोआप लागत नाही. ‘वाजवी कारणाशिवाय’ उशीर झाला असेल तरच ती लागते, आणि त्याआधी अधिकाऱ्याला बाजू मांडू द्यावी लागते. चाळीसाव्या दिवशी का होईना, पण गठ्ठे सोडून, जसे सापडेल तसे कागद देत गेलेल्या अधिकाऱ्याला दंड व्हावा असे कायद्याला अभिप्रेतच नाही. अडचण अशी की वाजवी कारण ऐकून घेणारा माणूस, म्हणजे माहिती आयुक्त, त्याच्यापर्यंत प्रकरण पोहोचायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते, कधी सेवानिवृत्तीही. मग फाइलवर ज्याचे नाव आहे त्याला आपण तेव्हा काय केले हे आठवत नसते, आणि अर्जदाराला आपण हे का विचारले होते ते.

खरी दुखरी जागा इथे आहे. जन माहिती अधिकाऱ्याला तीस दिवस. पहिल्या अपिलाला तीस, लेखी कारणे देऊन पंचेचाळीस. (ही लेखी कारणे किती आदेशांत दिसतात, हा वेगळ्या लेखाचा विषय. अनेक कार्यालयांत पंचेचाळीस हाच मूळ आकडा समजतात.) दुसरे अपील करायला नागरिकाला नव्वद दिवसांची मर्यादा. आणि त्या दुसऱ्या अपिलाचा निकाल लावायला माहिती आयोगाला मर्यादा? काहीच नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ४५ दिवस ही वाजवी मुदत म्हटली होती. देशभर ती रुजली नाही. सतर्क नागरिक संघटनेच्या गेल्या काही वर्षांच्या अहवालांत महाराष्ट्राच्या आयोगापुढे प्रलंबित असलेली अपिले आणि तक्रारी एक लाखाच्या आसपास दिसतात. आयुक्तांची पदे रिकामी राहतात, एका खंडपीठाचा कारभार दुसऱ्याकडे अतिरिक्त म्हणून जातो. ती पदे वेळेत भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगूनही हे चालू आहे.

गंमत म्हणजे फाइल अडवून ठेवण्याविरुद्ध स्वतःचा कायदा करणारे हे राज्य आहे. त्या २००५च्या कायद्याने, म्हणजे आपण ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो त्याने, एका टेबलावर फाइल सात कामकाजी दिवसांहून अधिक राहू नये असे ठरवले. सात दिवसांत हलायची ती फाइल दाखवायला मात्र तीस दिवस अपुरे पडतात!

तेव्हा कलम ७ मध्ये मुदतवाढ आणायचीच असेल तर ती अशी असावी. एकदाच, पंधरा दिवसांची. अर्ज आल्यापासून दहा दिवसांत कळवलेली, एकोणतिसाव्या दिवशी नव्हे. त्या पत्रात किती कागद, कुठल्या कपाटात, शोधायला किती माणसे, हे लिहिलेले. जे हाताशी आहे ते तीस दिवसांतच द्यायचे, वाढ फक्त उरलेल्यासाठी. मुदत चुकली तर माहिती विनाशुल्क, ही कलम ७(६)ची तरतूद वाढीनंतरही तशीच. वाढ कुणी, कितीदा घेतली याचा तक्ता कार्यालयाच्या संकेतस्थळावर. आणि ज्या कार्यालयाने कलम ४ प्रमाणे अभिलेखांची सूची केलेली नाही, त्याला ही सवलतच नाही. सूची करण्याचे बंधन कायद्याइतकेच जुने आहे, तिच्या अभावी होणाऱ्या उशिराचा भुर्दंड अर्जदाराने का सोसावा?

ग्रामसेवकाला यातून थोडा श्वास मिळेल, मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला फारसा नाही, आणि ते ठीकच आहे. पण हे सगळे दुसऱ्या क्रमांकाचे काम. आधी कलम १९ मध्ये दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कालमर्यादा घालावी आणि ती पाळता येईल इतके आयुक्त नेमावेत. या दोन गोष्टींशिवाय केवळ तीसचे पंचेचाळीस किंवा साठ करणारे विधेयक आले, तर त्यातल्या पंधरा दिवसांच्या अटी कितीही चांगल्या असल्या तरी त्याला विरोध करावा लागेल. कारण त्या अटी मोडल्या की दाद मागायची ती त्याच आयोगापुढे, त्याच लाखभर प्रकरणांच्या रांगेत.