अरबी समुद्रात वादळं का वाढली? आणि इशारा होडीपर्यंत वेळेत पोहोचतो का?

१४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपजवळ अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तयार झालं. लवकरच त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला 'तौक्ते' हे नाव मिळालं. तीनच दिवसांत, १७ मे रोजी, ते अत्यंत तीव्र बनलं आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच दिवशी मुंबईपासून दूर, तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. त्यातल्या ७० हून अधिक जणांचा जीव गेला.

वादळ येणार हे आधीच ठाऊक होतं. मग माणसं समुद्रात का अडकतात? याचं उत्तर शोधण्यासाठी आधी अरबी समुद्रात काय बदललं आहे, ते पाहावं लागतं.

अरबी समुद्र आधी शांत का होता?

उत्तर हिंदी महासागरात जी चक्रीवादळं होतात, त्यातली बहुतेक बंगालच्या उपसागरात तयार होतात. ढोबळमानाने उपसागरात चार, तर अरबी समुद्रात एक, असं हे प्रमाण मानलं जातं.

चक्रीवादळाला पाण्याचं तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं आणि ही ऊब केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर काही खोलीपर्यंत असावी लागते. अरबी समुद्र उपसागरापेक्षा थंड होता. शिवाय अरबस्तानच्या वाळवंटाकडून येणारी कोरडी हवा वादळाला लागणारी आर्द्रता कमी करते.

तिसरं कारण मान्सूनचं. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रालगतचे वारे एका दिशेने आणि उंचावरचे वारे दुसऱ्या दिशेने जोरात वाहतात. त्यामुळे वादळाचा उभा डोलारा टिकत नाही. म्हणून अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मान्सूनच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात.

आता काय बदललं?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या वादळांचा अभ्यास केला. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. अतितीव्र वादळांमधली वाढ तर १५० टक्के होती. बंगालच्या उपसागरात मात्र संख्या थोडी घटली. अरबी समुद्राचं वाढलेलं तापमान हे यामागचं प्रमुख कारण असल्याचं शास्त्रज्ञ सांगतात.

दरवर्षीचं चित्र सारखं नसतं. २०१९ मध्ये अरबी समुद्रात 'वायू', 'हिक्का', 'क्यार', 'महा' आणि 'पवन' अशी पाच चक्रीवादळं आली. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा बराच उबदार होता. सगळीच वर्षं अशी नसतात. पण पाणी मुळातच तापलेलं असेल, तर अनुकूल वर्षात वादळ अधिक बळ धरतं.

वेळ कमी का पडतो?

वादळ खालचं पाणी घुसळून वर आणतं. ते थंड असेल तर वादळाला आपोआप लगाम बसतो. ते खोलवर उबदार असेल तर हा लगाम सैल पडतो आणि वादळ झपाट्याने बळावतं. ते कोणत्या दिशेला जाईल, हे आता बऱ्याच अचूकपणे सांगता येतं. ते किती वेगाने बळावेल, हे सांगणं अजूनही अवघड आहे.

२०१७ च्या 'ओखी'ने हे दाखवून दिलं. २९ नोव्हेंबरला ते डिप्रेशन होतं, ३० नोव्हेंबरला सकाळी चक्रीवादळ. केरळ आणि तामिळनाडूचे मच्छीमार तोवर खोल समुद्रात होते. अनेक जण परतलेच नाहीत. काही बोटींना थेट देवगडसारख्या कोकणातल्या बंदरांचा आसरा घ्यावा लागला.

गणित साधं आहे. किनाऱ्यापासून २०० किलोमीटरवर असलेला ट्रॉलर ताशी १२ ते १५ किलोमीटरने निघाला, तरी बंदर गाठायला १३ ते १७ तास लागतात, तेही समुद्र शांत असेल तर.

हवामान विभाग किनारपट्टीसाठी ४८ तास आधी सावधगिरीचा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा देतो. हे तास वाईट हवामान किनाऱ्यावर पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजलेले असतात. होडीला मात्र वादळ समुद्रातच गाठतं. म्हणूनच मच्छीमारांसाठी वेगळे इशारे असतात आणि ते कित्येक दिवस आधी निघतात.

वादळ दूर असलं तरी होडीला धोका असतो. त्याने उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांचे इशारे देते, ते यासाठीच.

इशारा होडीपर्यंत कसा जातो?

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बंदरातच वादळी वाऱ्याचा धोका आहे, हे कोळीवाड्यात कळतं. पण आधीच निघून गेलेल्या तांडेलाला तो दिसत नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर मोबाईलची रेंजही जाते.

ही पोकळी भरण्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एका योजनेची सुरुवात झाली. इस्रोने विकसित केलेले उपग्रहावर चालणारे एक लाख ट्रान्सपाँडर यांत्रिक बोटींवर बसवायचे आहेत. त्यातून बोटीला संदेश मिळतो आणि संकटात बोटीवरूनही संदेश पाठवता येतो.

यंत्राने इशारा पोहोचेल, पण परत फिरायचं की नाही, हे माणसांनाच ठरवावं लागतं. डिझेल आणि बर्फाचा खर्च झालेला असतो. खलाशांना सहसा मासळीतला वाटा मिळतो. रिकामी परतलेली फेरी मालक आणि खलाशी दोघांच्या अंगावर येते. इशारा देऊनही वादळ दुसरीकडे वळलं, तर पुढच्या वेळी तांडेल थोडा वेळ थांबून पाहतो.

त्यामुळे बुडालेल्या फेरीचा भार कोण उचलणार, हाही वादळाच्या तयारीचाच भाग आहे. अरबी समुद्र तापत राहिला तर थांबून पाहायला मिळणारा हा वेळ आणखी कमी होत जाईल.