कार्ड ऑपरेशनला चालते. आधीच्या काळजीचे काय?



कृषी खात्याच्या माणसाने बायकांच्या दुखण्यावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण बांधावर फिरताना कानावर येते ते सगळे पिकाबद्दलच असते असे नाही. मागे एका पंचनाम्याच्या वेळी ऊसतोडीला जाणारी एक बाई भेटली. वय जेमतेम तीस. कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "साहेब, दोन लेकरं झाली, नसबंदी झाली. मग अंगावरून जाया लागलं. डॉक्टर म्हनले, आता पिशवीचं काय काम? काढून टाका. काढली. आता मोळी उचलत नाही." खर्चासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटायची आहे.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक.

यावर गावात लोक म्हणतात, "आता काय, पाच लाखांचं कार्ड आलंय! उचल घ्यायचं कामच नाही." खरे आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दीड लाखाच्या मर्यादेने सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण ठरले. मोठ्या आजारात शेतकऱ्याचे रान विकायचे वाचले, हे कोणी नाकारू नये.

पण या कार्डाची जात ओळखा. पीकविमा नुकसान झाल्यावर पैसे देतो. खुरपणी-फवारणीचे देत नाही. तसेच हे कार्ड. दवाखान्यात दाखल होऊन करायची ठरावीक ऑपरेशने आणि उपचार त्यात बसतात. पांढरे जाते म्हणून दाखवायला गेलात, पाळीच्या तक्रारीची गोळी घेतलीत, दोन लेकरांत अंतर कसे ठेवायचे ते विचारायला गेलात, तर तिथे कार्ड चालत नाही. जे वेळेवर केले तर ऑपरेशनच टळेल, तेच नेमके विम्याच्या बाहेर.

याचा धोका देशाने आधी पाहिला आहे. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला वर्षाला ३० हजारांची. २०१२ मध्ये बिहारातील समस्तीपूर आणि छत्तीसगडमधून बातम्या आल्या, की खासगी दवाखान्यांनी या कार्डावर गरज नसताना गर्भपिशव्या काढल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने राज्यांना गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. ऑपरेशन फुकट असले म्हणजे ते गरजेचे असतेच असे नाही.

मग करायचे काय? कार्डाच्या आधी उपकेंद्र गाठायचे. तिथे तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी मोफत आहे. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. सहा महिने तोडीला बाहेर राहणाऱ्या बाईला तांबी सोयीची पडू शकते. ३८०-ए तांबी दहा वर्षे चालते. कोणते साधन मानवेल ते सिस्टरला विचारा. शेजारणीचे ऐकून ठरवू नका.

पुरुषांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. म्हैस गाभण राहिली नाही तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणतो. घरच्या बाईच्या अंगावरून महिनाभर जात असले तरी "होईल बरं" म्हणतो. बिनटाक्याची पुरुष नसबंदी सोपी आहे, तरी राज्यात ती करणारे शंभरात एकही भरत नाहीत. सगळा भार बाईवरच टाकलेला.

सरकारी नसबंदी फसली तर भरपाई आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती ६० हजार रुपये झाली. दावा ९० दिवसांत करावा लागतो. म्हणून नसबंदीचे प्रमाणपत्र जपून ठेवा आणि पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात जा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या निघायच्या आत गावात महिलांची तपासणी लावा. उपकेंद्रात साधने शिल्लक आहेत का, गाव आरोग्य समितीच्या बैठकीत विचारा. पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईला आशाताईने सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यायला न्यावे. तोडीवर एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. तिथे गेल्यावर बाई दवाखान्यात जाईल, ही आशा ठेवू नका.

पीकविमा काढला म्हणून आपण खुरपणी सोडत नाही. कार्ड जरूर काढा, पण ते मिळाले म्हणून बाईची काळजी सोडू नका. पिशवी काढल्यावर मग कोणतीच भरपाई ती परत आणून देत नाही.